मग प्रिंटिंग : सकाळचा मग झक्क, संध्याकाळचा फिका. कारण कुठे शोधावं?

अंजनीकाठ, एरंडोल
१४ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

एरंडोलला माझं झेरॉक्स-फोटोचं दुकान आहे. लग्नसराईत फोटोचे मग मागणारी गिऱ्हाइकं वाढली म्हणून सब्लिमेशनचा, म्हणजे कागदावर छापलेला फोटो उष्णतेने मगावर उतरवण्याचा, सेट घेतला. प्रिंटर एप्सन एल१३०, त्यात चार रंगांची सब्लिमेशन इंक, १०० जीएसएमचा कागद, ११ औंसाचे पांढरे मग आणि एका मगाचं साधं प्रेस, म्हणजे मगाभोवती तापता पट्टा आवळणारं मशीन. सेटिंग पुरवठादाराने सांगितलं तेच : १९० डिग्री, १८० सेकंद.

सकाळी दुकान उघडल्यावर काढलेले मग बघून जीव सुखावतो. रंग भरलेले, डोळ्यांतली चमकसुद्धा दिसते. संध्याकाळी सहानंतर मात्र तेच डिझाईन, त्याच खोक्यातला मग, तेच सेटिंग, आणि फोटो वर्षभर उन्हात टांगलेल्या कॅलेंडरसारखा फिका. शिवाय काही मगांवर अक्षरांना बाजूने सावली येते, नाव दोनदा छापल्यासारखं वाटतं. ढगाळ दिवशी हे जास्त होतं. हँडलच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या काठाला रंग कायमच उणा.

तापमान २०० केलं की संध्याकाळचा मग थोडा सुधारतो, पण सकाळच्या मगात काळा रंग तपकिरी पडतो. ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाची एका शाळेची ऑर्डर घेतली आहे. प्रत्येक मगावर त्या त्या सरांचं, मॅडमचं नाव आणि फोटो. त्यातला एकही मग फिका द्यायची इच्छा नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

केळीबाग, रावेर
१४ ऑगस्ट, रात्री ९:२५

माझंही डिट्टो असंच आहे. वाचनखूण साठवली. उत्तरांची वाट बघतोय.

गोलाणी_गाळा, जळगाव
१४ ऑगस्ट, रात्री ९:४२

अंजनीकाठ भाऊ, पहिली विनंती : आता तापमानाला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

आधी एवढं सांगा. मग घालून प्रेस बंद केल्याबरोबर टायमर सुरू होतो, की मशीनवरचा तापमानाचा आकडा परत १९० ला पोचल्यावर? संध्याकाळच्या फिक्या मगावरून सोलून काढलेला कागद ठेवला असेल तर त्यावर रंग किती उरलाय? २०० वर काढलेल्या मगात काळ्याच्या कडा धारदार आहेत की पसरल्यात? आणि कागदाचं पाकीट उघडल्यावर कुठे ठेवता?

मगापेक्षा वापरलेला कागद जास्त खरं बोलतो. तो फेकू नका, त्यावर तारीख-वेळ लिहून ठेवा.

पांझरा, धुळे
१४ ऑगस्ट, रात्री १०:०५

मी प्रिंटिंगवाला नाही, हीटर-मशीन दुरुस्तीचं काम करतो. पण "सकाळी चांगलं, संध्याकाळी वाईट" हे वाचल्यावर राहवलं नाही. भाऊ, उद्या संध्याकाळी मशीन चालू असताना बोर्डावरचं व्होल्टेज मोजा. मल्टिमीटर नसेल तर शेजारच्या वायरमनला बोलवा, दोन मिनिटांचं काम आहे.

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० चे १९० व्होल्ट झाले तर व्होल्टेज सतरा-अठरा टक्क्यांनी उतरलं असं वाटतं, पण उष्णता जवळपास एक तृतीयांशाने उतरते. ३५० वॅटचं हीटर २४० च्या आसपास वॅट देतं. खेड्यापाड्यातच नाही, तालुक्याच्या गावातही संध्याकाळी दिवे, टीव्ही, घरोघरच्या पाण्याच्या मोटरी एकदम लागल्या की हे होतं. दिवा थोडा मंद दिसतो आणि आपण दुर्लक्ष करतो. मगाच्या प्रेसला ते दुर्लक्ष चालत नाही.

अंजनीकाठ, एरंडोल
१५ ऑगस्ट, रात्री ८:३०

पांझरा दादा, मोजलं. सकाळी साडेदहाला २३० च्या वर होतं. संध्याकाळी सात वाजता १९० च्या आसपास, मधेच त्याच्याही खाली जात होतं. मला याची कल्पनाच नव्हती.

गोलाणी दादा, टायमर प्रेस बंद करताच सुरू होतो. संध्याकाळच्या कागदावर बराच रंग उरलेला आहे, चेहरा अगदी ओळखू येतो. सकाळच्या कागदावर पुसट डाग तेवढे. २०० वाल्या मगात काळ्याच्या कडा पसरल्यात, मिशीचे केस एकमेकांत मिसळलेत. कागदाचं पाकीट प्रिंटरशेजारी उघडंच असतं.

गोलाणी_गाळा, जळगाव
१५ ऑगस्ट, रात्री ९:५०

आता चित्र स्पष्ट झालं. जरा सविस्तर लिहितो, केळीबाग भाऊंनाही उपयोग होईल.

सब्लिमेशनची शाई मगावर बसत नाही, मगाच्या कोटिंगमध्ये शिरते. चिनीमातीला ती अजिबात धरत नाही, म्हणून साध्या दुकानातल्या मगावर हे काम होत नाही. सब्लिमेशनच्या मगावर पॉलिएस्टर जातीचं पारदर्शक कोटिंग असतं. साधारण १८० ते २०० डिग्रीला कागदावरचा रंग पातळ न होता थेट वायू होतो, त्याच वेळी कोटिंगही उष्णतेने सैल झालेलं असतं, वायू त्यात शिरतो आणि थंड झाल्यावर तिथेच अडकतो. उष्णता, वेळ आणि दाब, तिन्ही एकाच वेळी जुळावे लागतात.

मशीनवर दिसणारा १९० हा हीटरच्या पट्ट्याचा आकडा आहे, मगाचा नाही. सेन्सर पट्ट्यात असतो. मग तीनशे ग्रॅमच्या वर वजनाची जाड चिनीमाती, ती सावकाश तापते. थंड मग आत घातला की आकडा धाडकन खाली येतो, तुम्ही पाहिलं असेलच. तुमच्या मशीनचा टायमर त्या क्षणापासून पळायला लागतो. सकाळी पूर्ण व्होल्टेजवर पट्टा लवकर सावरतो आणि मगाला पुरेसा वेळ खरी उष्णता मिळते. संध्याकाळी १८० सेकंदांतला मोठा भाग पट्टा सावरण्यातच जातो. कागदावर उरलेला चेहरा म्हणजे मगात न शिरलेला रंग.

ज्यांच्या मशीनचा टायमर आकडा गाठल्यावर सुरू होतो त्यांच्याकडे कमी व्होल्टेजला उलटं होतं. मग आत जास्त वेळ शिजतो, कडा पसरतात, काळा तपकिरी पडतो. म्हणून कोणाचंही सेटिंग जसंच्या तसं उचलू नये. १९०-१८० हे त्यांच्या मशीनचं, त्यांच्या मगाचं आणि त्यांच्या विजेचं सेटिंग असतं.

काळा तपकिरी पडण्याबद्दल एक सांगतो, कारण यात लोक फार गोंधळतात. कमी शिजला तरी काळा मळकट दिसतो, जास्त शिजला तरी. फरक कागदात आणि कडांत बघायचा. कागदावर रंग भरपूर उरलाय आणि कडा धारदार आहेत, तर वेळ कमी पडला. कागद जवळजवळ कोरा आणि कडा पसरलेल्या, तर जास्त झाला. तुमचा २०० वाला सकाळचा मग दुसऱ्या जातीचा.

तुमच्यासाठी उपाय : मग घाला, प्रेस बंद करा, मशीनच्या टायमरकडे बघूच नका. आकडा परत १८५ ला पोचला की मोबाईलवर वेळ लावा. सुरुवात दीड मिनिटापासून करा. कागद बघा, कडा बघा, आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंदच पुढे-मागे करा. तापमान १९० वर बांधून ठेवा. शाळेच्या ऑर्डरचे मग सकाळीच काढा. कायमचा उपाय म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर, त्यावर पांझरा दादा बोलतील.

पांझरा, धुळे
१५ ऑगस्ट, रात्री १०:२०

एका मग प्रेसला एक केव्हीएचा स्टॅबिलायझर भरपूर झाला. घेताना कमीत कमी किती व्होल्टपर्यंत तो सांभाळतो ते विचारा, तुमच्याकडे १९० च्या खाली जातंय म्हणून. आणि प्रेसची पिन साध्या ५ अँपियरच्या सैल सॉकेटमध्ये, एक्स्टेंशनच्या लांब वायरवर लावू नका. सैल सॉकेट गरम होतो आणि तिथेही व्होल्टेज गळतं. मशीनला अर्थिंग आहे ना, तेवढं जरूर तपासून घ्या. बॉडी पत्र्याची असते.

सातपुडा, चोपडा
१६ ऑगस्ट, सकाळी ११:१५

सावलीच्या त्रासावर माझा अनुभव : मग प्रेसमधून काढला की लगेच बादलीतल्या पाण्यात बुडवायचा. रंग तिथल्या तिथे थांबतो, सावली येत नाही. आम्ही सगळे असंच करतो.

गोलाणी_गाळा, जळगाव
१६ ऑगस्ट, दुपारी १:०५

सातपुडा भाऊ, कारण तुमचं बरोबर आहे. प्रेस उघडल्यावरही मग गरमच असतो आणि कागदातून वायू निघतच राहतो. त्या वेळी कागद सरकला की दुसरी प्रतिमा बसते, तीच सावली. पण १८० डिग्रीचा मग थंड पाण्यात घालायला माझा ठाम विरोध आहे. चिनीमातीला एवढा झटका सोसत नाही. मग तिथे फुटला तर दिसतो तरी, पण हँडलच्या सांध्यात केसाएवढी चीर गेली तर ती दिसत नाही. असा मग गिऱ्हाइकाच्या घरी उकळता चहा ओतल्यावर हँडलपासून सुटला तर? घरात लहान मुलं असतात.

त्यापेक्षा हातमोजा घालून प्रेस हळूच उघडा, झटका न देता मग बाहेर काढा, टेपचं एक टोक धरा आणि कागद एका दमात सोला. अर्धा सोलून थांबू नका, परत चिकटवू नका. मग लाकडी फळीवर पंख्याखाली ठेवा, दोन मगांत हाताचं अंतर सोडून. गरम मग एकमेकांना खेटून ठेवले तर थंड व्हायला वेळ लागतो आणि त्या वेळात रंग आणखी पसरतो. पाणी वापरायचंच असेल तर आधी मग थोडा निवू द्या आणि पाणी चांगलं कोमट घ्या. माझ्याकडे पाण्याशिवाय काम व्यवस्थित चालतं.

शहाद्याची_ताई, शहादा
१६ ऑगस्ट, रात्री ८:४०

आमच्या बचत गटात मगाचं काम आम्ही सगळ्या मिळून करतो, म्हणून लिहिते. अंजनीकाठ भाऊ, ढगाळ दिवशी सावली जास्त येते असं तुम्ही लिहिलंय, त्याचं उत्तर उघड्या पाकिटात आहे. सब्लिमेशनच्या कागदावर शाई पकडून ठेवणारा थर असतो आणि तो हवेतलं दमट शोषून घेतो. असा कागद मगाभोवती गुंडाळून १९० ला तापवला की त्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला जागा नाही, मग ती कागद उचलते. कागद उचलला की सावली, डाग, मधेच ढगासारखे पांढरे ठिपके.

मे महिन्यात आपल्याकडे हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा हा त्रास जवळजवळ नसतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) केलेले मग बिनबोभाट निघाले आणि श्रावणात कानबाई देवीच्या फोटोचे मग बिघडायला लागले, मशीन तेच. तेव्हा आम्हाला कागदावर संशय आला.

आता आमची पद्धत अशी. पाकीट झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. लागतील तेवढेच कागद काढायचे. छापून झाल्यावर दहा मिनिटं उघडे सुकू द्यायचे, मग केस वाळवायच्या ड्रायरने हलकी ऊब द्यायची. कागद किंचित वाकडा असतो तो सरळ होतो, तेव्हा समजायचं की कोरडा झाला. मगालाही गुंडाळण्याआधी ड्रायर फिरवायचा. आदल्या रात्री छापून ठेवलेले कागद सकाळी तसेच वापरायचे नाहीत, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

टेपही महत्त्वाची. उष्णता सोसणारी पिवळट तपकिरी टेप घ्या आणि कागद मगाला असा ताणून बांधा की नखाने टकटक केल्यावर पोकळ आवाज येऊ नये. हँडलच्या बाजूला वर, मध्ये, खाली अशा तीन पट्ट्या. टेप छापलेल्या भागावर आली तर तिचा चौकोन मगावर उमटतो, तेवढं सांभाळा. बाहेरून एक बटर पेपरचा फेरा द्या, म्हणजे पट्ट्याला शाई लागत नाही आणि पुढच्या मगावर नको ते डाग उतरत नाहीत.

केळीबाग, रावेर
१६ ऑगस्ट, रात्री ९:०५

ताई, तुम्ही मशीनवर करता की ओव्हनमध्ये? इकडे एक जण म्हणतो ओव्हनमध्ये काठापर्यंत रंग येतो.

शहाद्याची_ताई, शहादा
१६ ऑगस्ट, रात्री ९:३०

दोन्ही. मोठी ऑर्डर असली की ओव्हन, कारण एकदम बरेच मग जातात. मगाला सिलिकॉनचा पट्टा आवळून आत ठेवतो. वेळ मगांच्या संख्येवर ठरते, दहा ते पंधरा मिनिटांच्या मध्ये कुठेतरी, आणि ती प्रत्येकाने आपल्या ओव्हनवर बघूनच ठरवावी. काठ आणि हँडलची बाजू मशीनपेक्षा चांगली येते हे खरं. पण ओव्हन वीज जास्त खातो, आणि ज्याच्या गल्लीत १९० व्होल्ट येतात त्याने आधी त्याची सोय करावी.

त्या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचं काही भाजायचं नाही, हे आमच्या गटात पक्कं ठरलेलं आहे. आणि काम करताना खिडकी उघडी. तापल्यावर जो वास येतो तो नाकात ओढण्याचा नाही.

सुट्या एक-दोन मगांना मात्र प्रेसच बरं.

गोलाणी_गाळा, जळगाव
१७ ऑगस्ट, सकाळी १०:१०

ताईंचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे, जपून ठेवा.

हँडलजवळच्या उणिवेबद्दल. ११ औंसाच्या मगाची उंची साधारण ९५ मिलिमीटर आणि व्यास ८२, म्हणजे घेर पावणेसव्वीस सेंटिमीटरच्या आसपास. प्रेसचा पट्टा हँडलमुळे पूर्ण फिरू शकत नाही. म्हणून डिझाईन २० सेंटिमीटरच्या आत ठेवा, उंची ९ च्या आत. वरच्या काठाला मग उष्णता लवकर सोडतो, तिथे चांगल्या मशीनलाही रंग उणाच येतो. शिवाय ओठ लागतो ती जागा कोरी राहिलेलीच बरी. या मापाने ए४ कागदावर एकाखाली एक तीन डिझाईन बसतात, कागदही वाचतो.

तेवढ्या भागातही कुठे फिकं येत असेल तर पट्टा तपासा. मधल्या राखाडी रंगाची एकसारखी पट्टी काढा, तिच्यावर दर दोन सेंटिमीटरला बारीक उभी रेघ आणि आकडा टाका, आणि ती एका मगावर छापा. फोटोत जे लपतं ते राखाडीत लपत नाही. समजा ६ आणि ८ च्या मध्ये फिकट पट्टा दिसला. त्यानंतर मगाचं तोंड उलट्या बाजूला करून दुसरा मग काढा. फिकट जागा मशीनच्या त्याच बाजूला राहिली तर पट्ट्याची तार तिथे थकली आहे, पट्टा बदला. मगाच्या त्याच बाजूला गेली तर मगात दोष.

मगातला दोष बघायला स्टीलची पट्टी घ्या. मग उजेडाकडे धरून पट्टी उभी लावा, वरून खाली. मधे उजेडाची चीर दिसली तर तो मग कमरेत बारीक आहे. तिथे कागद टेकत नाही आणि बरोबर मधोमध, म्हणजे बहुतेक वेळा चेहऱ्यावरच, धूसर पट्टा येतो. स्वस्त खोक्यात असे मग निघतात. मी खोकं उघडलं की आधी पट्टी लावून वेगळे काढतो, त्यांच्यावर फक्त जाड अक्षरांचं काम करतो.

दाबाचं म्हणाल तर दांडा बंद करताना हाताला स्पष्ट जोर जाणवला पाहिजे, पण अंगाचं वजन टाकावं लागू नये.

भुसावळ_लाईन, भुसावळ
१७ ऑगस्ट, दुपारी ३:३०

रंगांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून भर घालतो. कागदावर छापलेलं बघून घाबरू नका. तापवण्याआधी सगळे रंग मेलेलेच दिसतात, उष्णतेत ते उमलतात. कागद बघून डिझाईन भडक करणाऱ्यांचे मग लालभडक होतात.

शाई ज्यांच्याकडून घेता त्यांच्याकडून त्या शाईचं आयसीसी प्रोफाईल, म्हणजे रंग जुळवून देणारी फाईल, मागून घ्या. फोटोशॉपमध्ये छापताना रंगांचा कारभार फोटोशॉपकडे द्या आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कलर करेक्शन बंद करा. दोघांनीही रंग सुधारले की माणसाचा चेहरा हिरवा नाहीतर विटकरी होतो. कागदाचा प्रकार मॅट, क्वालिटी हाय. फाईल आरजीबीमध्ये. एल१३० चार रंगांचा आहे, त्यात गोऱ्या कातडीवर बारीक ठिपके दिसू शकतात. एल८०५ सारख्या सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिका निळा आणि फिका गुलाबी वेगळा असतो, त्यामुळे चेहरे जास्त मऊ येतात. पण म्हणून लगेच नवा प्रिंटर घ्यायची गरज नाही, आधी आहे त्याच्यातून पूर्ण काम काढा.

पांढरी शाई या प्रकारात नसते. फोटोतला पांढरा म्हणजे मगाचाच पांढरा. त्यामुळे पिवळट मगावर पांढरा सदरा कधीच पांढरा येणार नाही.

उन्हाळ्याचंही आताच लिहून ठेवतो, तेव्हा धागा शोधत बसायला नको. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि हवा कोरडी. दोन दिवस प्रिंटर बंद राहिला की हेडमध्ये शाई सुकते. काम असो-नसो, रोज सगळ्या रंगांचं एक छोटं पान काढा आणि मोठ्या ऑर्डरआधी नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी छापील चाचणी) करा. एक रेघ तुटलेली असली तरी आकाशात आडवे पट्टे येतात. कूलरच्या झोतात प्रिंटर आणि कागद ठेवू नका, तो भर उन्हाळ्यातही कागदाला दमट करतो.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की दाबून लहान होतो, मग मशीनला कितीही बोल लावले तरी डोळे धूसरच येणार.

अक्षरवेडा, चाळीसगाव
१७ ऑगस्ट, रात्री ८:१५

नावांचे मग आहेत म्हणून मला लिहावंसं वाटतंय. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले, त्याच्या मगावर त्याचंच नाव चुकीचं उमटू नये.

जुन्या कोरल ड्रॉमध्ये युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं तुटतात. प्रज्ञा, सिद्धार्थ, वऱ्हाडे अशी नावं मुद्दाम टाईप करून बघा. कोणी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली फाईल दिली असेल तर तो फाँट तुमच्या कॉम्प्युटरवर नसताना अक्षरांच्या जागी भलतंच काही उघडतं. नाव बरोबर दिसलं की ते लगेच कर्व्हमध्ये, म्हणजे टाईपऐवजी नुसत्या आकारात, बदला, मग ते कुठेही हलणार नाही.

सब्लिमेशनमध्ये रंग किंचित पसरतो, हे वर आलंच आहे. देवनागरीत त्याचा पहिला फटका अनुस्वाराला, मग "ष" आणि "ध" च्या पोटातल्या बारीक जागेला. बारीक सुबक फाँट स्क्रीनवर गोड दिसतात आणि मगावर बुजतात. मध्यम जाडीचे, मोकळ्या पोटाचे घ्या. 'एक टाईप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट मिळतात आणि मगावर चांगले उठतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं नाव नको, चहूबाजूंनी काळा आत सरकतो. शिरोरेघेला बाहेरून दुसऱ्या रंगाची किनारही नको.

उलटं छापायचं ते एकाच ठिकाणी ठरवा, डिझाईनमध्ये किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये. दोन्हीकडे मिरर केलं की कागदावर नाव सरळ येतं आणि मगावर उलटं. कागद हातात आला की मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात धरून वाचा. आणि नावांची यादी शाळेकडून लेखी घ्या, फोनवर नाही. प्रत्येक नावासमोर त्यांची सही घ्या.

आमच्याकडे अहिराणीतले मगही आता लोक हौसेने मागतात. "मना चा, मनी मर्जी" हा तर फार चालतो. असं जाड, टपोरं अक्षर असलं की सकाळ-संध्याकाळचा फरकही कमी जाणवतो.

अंजनीकाठ, एरंडोल
२१ ऑगस्ट, रात्री ९:००

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आता कुठे काय झालं ते सांगतो.

टायमर सोडून दिला. आकडा १८५ ला पोचल्यावर मोबाईल लावतो. माझ्या मशीनला पावणेदोन मिनिटं बरोबर बसली. कागद जवळजवळ कोरा निघतो आणि मिशीचा केस न् केस वेगळा दिसतो. संध्याकाळी आकडा १८५ ला पोचायला बराच जास्त वेळ घेतो, हे आता डोळ्यांनी दिसतं. त्या मगाच्या कडा सकाळच्यापेक्षा किंचित मऊ येतात, पण फिकेपणा गेला. शाळेचे मग सकाळीच काढतोय. स्टॅबिलायझर सांगून ठेवला आहे.

ताई, तुमची पिशवी आणि ड्रायरची युक्ती लागू पडली. सावली गेली. काल दिवसभर झिमझिम होती तरी एकाही मगावर आली नाही. राखाडी पट्टीत माझा पट्टा ठीक निघाला, पण स्टीलच्या पट्टीने खोक्यातले बरेच मग कमरेत बारीक सापडले. ते बाजूला ठेवलेत, त्यांच्यावर फोटो टाकणार नाही.

यादी शाळेने सही करून दिली. त्यात एका मॅडमचं नाव मला फोनवर वेगळंच ऐकू आलं होतं, ते वेळेत कळलं. अक्षरवेडा सर, तुमचे विशेष आभार.

एक विचारायचं राहिलं. शाळा विचारतेय की हे मग रोज घासले तर टिकतील का?

गोलाणी_गाळा, जळगाव
२१ ऑगस्ट, रात्री ९:३५

वा! फार बरं वाटलं.

चहाने काही होत नाही. उकळता चहाही शंभर डिग्रीच्या आतच असतो, रंग हलायला त्याच्या कितीतरी वर जावं लागतं. मग खराब होतो तो तारेच्या घासणीने आणि राखेने, कारण कोटिंग ओरखडतं आणि रंग कोटिंगमध्येच असतो. मऊ स्पंज आणि साबण सांगा, मगाच्या खोक्यावर छोटी चिठ्ठी चिकटवा.

देण्याआधी प्रत्येक खोक्यातला एक मग पारखा. पातेल्यात पाणी उकळून त्यात तो थोडा वेळ राहू द्या, काढून निवला की छापलेल्या कडेवर नखाने जोरात ओढा. पापुद्रा सुटला तर कोटिंगच कच्चं, ते खोकं परत करा. काहीच झालं नाही तर निर्धास्तपणे द्या.

केळीबाग, रावेर
२२ ऑगस्ट, सकाळी ९:२०

धाग्यातलं सगळं करून बघतोय, माझ्या मशीनचा टायमर आकडा गाठल्यावर सुरू होणारा निघाला, म्हणजे माझे मग जास्त शिजत होते. वेळ कमी केली, काळा काळाच येतोय.

काळ्या मॅजिक मगाची ऑर्डर आली आहे, गरम चहा ओतल्यावर फोटो दिसतो ते. त्याला हेच सेटिंग चालेल का?

गोलाणी_गाळा, जळगाव
२२ ऑगस्ट, सकाळी १०:४५

नाही, थोडं खाली या. १७० ते १८० च्या मध्ये, आणि वेळही नेहमीपेक्षा जरा कमी. त्या मगाचा काळा थर उष्णतेने रंग बदलणारा असतो. फार तापवला तर तो कायमचा करडा पडतो आणि थंड झाल्यावर पूर्ण काळा होत नाही. प्रेसमधून काढल्यावर मग पांढरा दिसेल, गोंधळू नका. निवत गेला की काळोख परत चढतो.

फोटो उजळ घ्या, गडद फोटो या मगावर उठत नाही. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगून ठेवा : मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही आणि उन्हात ठेवायचा नाही. उन्हाने तो थर लवकर थकतो. आपल्या मे महिन्यात तर खिडकीतल्या उन्हातला मॅजिक मग चहा न ओतताच फोटो दाखवायला लागतो.

ऑर्डरच्या मगांना हात लावण्याआधी एक सुटा मॅजिक मग काढून बघा. प्रेसमधून काढल्यावरचा आणि पूर्ण निवल्यावरचा, दोन्ही फोटो इथे टाका, म्हणजे वेळ कमी-जास्त करायची का ते बघून सांगता येईल.